काचेपलीकडचा स्ट्रोक : कोविड न्यूमोनियाच्या रुग्णात अचानक आलेला पक्षाघात

वय ५८, वजन ७२ किलो, जुना उच्च रक्तदाब, त्यासाठी रोज रॅमिप्रिल. कोविड न्यूमोनियाचा सहावा दिवस. आयसोलेशनच्या खोलीत एकटा. नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ६ मिग्रॅ रोज, एनॉक्सापॅरिन (गुठळ्या रोखणारे, हेपरिनच्याच गटातले औषध) ४० मिग्रॅ रोज रात्री ८ वाजता. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी औषध द्यायला सिस्टर आत गेल्या, तेव्हा रुग्ण उजव्या कुशीकडे कलंडलेला होता. उजवा हात पलंगाखाली लोंबत होता, नजर डावीकडे खिळलेली, हाक मारली की फक्त हुंकार.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. रुग्ण आणि घड्याळातल्या वेळा कल्पित आहेत. मात्रा, निकष आणि चुकांच्या जागा मात्र प्रत्यक्ष कामातल्याच आहेत. संसर्गाची खबरदारी आणि स्ट्रोकची घाई एकमेकींच्या आड येतात असे सरसकट म्हटले जाते. आमचे मत वेगळे आहे. पीपीई चढवायला लागतात ती मोजकी मिनिटे. खरा वेळ जातो तो पीपीई चढवल्यानंतर निर्णय घेत बसण्यात. बाहेर ठरवता येण्यासारखे सगळे बाहेरच ठरले, तर आतले काम नेहमीच्या स्ट्रोकपेक्षा फारसे मागे पडत नाही.

शेवटचे ठीक होते ते कधी?

पहिला पेच घड्याळाचाच. केसपेपरवर लिहिलेले होते : "सकाळी ६ – नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन स्थिर." कॉल घेणाऱ्या डॉक्टरांनी साहजिकच ६ ही वेळ धरली. पण ते आकडे काचेबाहेरच्या मॉनिटरवरून उतरवलेले होते. त्या वेळी रुग्णाशी कोणी बोलले नव्हते, त्याने हात हलवल्याचे कोणी पाहिले नव्हते. अर्धे अंग गेलेल्या माणसाचीही नाडी ८८ आणि सॅच्युरेशन ९४ असू शकते. रात्रपाळीच्या सिस्टरना थेट फोन केला, तेव्हा कळले की ५ वाजून १० मिनिटांनी त्याने बेल वाजवून पाणी मागितले होते, ग्लास स्वतःच्या उजव्या हाताने धरला होता आणि नीट बोलला होता. म्हणून शेवटचे ठीक पाहिल्याची वेळ ५:१०.

या प्रकरणात त्या पन्नास मिनिटांनी निर्णय बदलला नाही. पण हाच रुग्ण सकाळी १० वाजता सापडला असता, तर? गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचे. ६ धरले तर खिडकी साडेदहापर्यंत उघडी दिसते. ५:१० धरले तर ती ९:४० लाच बंद झालेली असते. मग एमआरआयवर डिफ्यूजन आणि फ्लेअर या दोन प्रकारच्या प्रतिमांतली तफावत पाहून, किंवा मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा परफ्यूजन स्कॅन करून, औषध देता येते का हे तपासावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' चाचणीने त्यातला पहिला मार्ग दाखवून दिला. पण संसर्गजन्य, दम लागलेल्या रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात वीस मिनिटे आडवे ठेवणे हे स्वतंत्र संकट आहे.

म्हणून आयसोलेशन वॉर्डात एक साधी सवय लावावी. दर फेरीला, मग ती काचेतून का असेना, रुग्णाला इंटरकॉमवर एक वाक्य बोलायला लावायचे आणि दोन्ही हात वर करायला सांगायचे. "बोलला, दोन्ही हात उचलले" एवढे चार शब्द वेळेसह लिहायचे. मास्कखाली वाकडे झालेले तोंड बाहेरून दिसत नाही, आणि नातेवाईक शेजारी नसतो.

कॉल आणि दाराबाहेरची तीन मिनिटे

६:३८ ला कॉल गेला. त्यातले शब्द ठरलेले असावेत : "आयसोलेशन स्ट्रोक. खोली चार. शेवटचे ठीक ५:१०. वजन ७२. हेपरिन ४० मिग्रॅ काल रात्री आठला. ऑक्सिजन ४ लिटर, सॅच्युरेशन ९१." या एका वाक्यावर चार ठिकाणची कामे एकाच वेळी सुरू होतात. सीटीचे टेबल रिकामे होते, कॅथ लॅबचा (धमनीत तार घालून उपचार करतात त्या खोलीचा) चमू निघतो, भूलतज्ज्ञ वॉर्डाकडे वळतात, आणि सुरक्षारक्षक लिफ्ट अडवून धरतो. २०२० मध्ये 'प्रोटेक्टेड कोड स्ट्रोक' या नावाने मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे : आधी संसर्गाची छाननी, ठरलेली पीपीई, आत कमीत कमी माणसे, आणि चमूचा एक जण फक्त सुरक्षेवर लक्ष ठेवणारा.

आत दोघेच गेले : तपासणारे न्यूरॉलॉजिस्ट आणि आधीपासून आत असलेल्या सिस्टर. बाहेर काचेपाशी निवासी डॉक्टर फोनचा स्पीकर चालू ठेवून उभे राहिले. नोंद त्यांनी करायची, औषधे त्यांनी काढायची, नातेवाइकांना फोनही त्यांनीच करायचा. आत गेलेल्याने कागदाला हात लावायचा नाही.

पीपीई कोणती? गाऊन, हातमोजे, डोळ्यांना फेस शील्ड, आणि एन-९५. फ्लूच्या रुग्णाची नुसती तपासणी साध्या सर्जिकल मास्कवर चालते. कोविड आणि फुफ्फुसाच्या क्षयात मात्र एन-९५ हवाच. आजार कोणताही असो, श्वासनलिकेत नळी घालणे, उघड्या नळीतून कफ ओढणे, नेब्युलायझर, मास्कने दाब देऊन श्वास देणे, सीपीआर या सूक्ष्म तुषार उडवणाऱ्या कामांना एन-९५ लागतोच. रुग्ण उलटी करत नसेल तर त्याच्या नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीवरून सर्जिकल मास्क बांधावा. इथे एक सावधगिरी : उलटीची लक्षणे दिसली की मास्क सैल करून लगेच कूस वळवायची. मास्कखाली झालेली उलटी फुफ्फुसात जाते आणि आधीच आजारी असलेल्या फुफ्फुसाला ती परवडत नाही.

पलंगापाशी

पहिली साखर बोटातून : १६८. स्ट्रोकच्या औषधाआधी सक्तीने लागणारी रक्ततपासणी एवढीच. साखर ५० च्या खाली असती तर अर्धांग तिच्यामुळेच असू शकले असते. रुग्ण वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) नसेल आणि प्लेटलेट कमी असल्याचा संशय नसेल, तर बाकीच्या रिपोर्टसाठी थांबायचे नाही. इथे आदल्या सकाळच्या प्लेटलेट २ लाख १० हजार होत्या. डी-डायमर (शरीरात गुठळ्या बनून विरघळत असल्याची रक्तातली खूण) बरेच वाढलेले होते, आणि त्यावरून कुणीतरी विचारलेच : "रक्त पातळ करायचे औषध चालेल ना?" डी-डायमर वाढणे ही औषध न देण्याची अट नाही. प्लेटलेट एक लाखाखाली, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.७ च्या वर, किंवा उपचाराच्या मात्रेतले हेपरिन गेल्या २४ तासांत दिलेले असणे या अटी आहेत.

या तिसऱ्या अटीपाशी बारकाईने पाहायला हवे. कोविडच्या वॉर्डात एनॉक्सापॅरिन दोन मात्रांत चालते. ४० मिग्रॅ रोज एकदा ही प्रतिबंधाची मात्रा. तिच्यावर स्ट्रोकचे औषध देता येते. किलोला १ मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे या रुग्णाला सुमारे ७० मिग्रॅ, ही उपचाराची मात्रा. तिच्यानंतर २४ तास देता येत नाही. केसपेपरवर नुसते "एनॉक्सापॅरिन चालू" लिहिलेले असते. औषधाचा तक्ता उघडून मात्रा आणि शेवटची वेळ स्वतः वाचावी. उपचाराची मात्रा निघाली तरी दार बंद होत नाही. गुठळी मोठ्या धमनीत असेल तर थेट थ्रोम्बेक्टॉमीकडे, म्हणजे तार घालून गुठळी ओढून काढण्याकडे, जाता येते.

ताप असलेल्या माणसाला स्ट्रोक आला की आणखी एक प्रश्न मनात ठेवावा : हा हृदयाच्या झडपेच्या संसर्गातून उडालेला तुकडा तर नाही? तसे असेल तर गुठळी विरघळवणारे औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकते, म्हणून ते देत नाहीत. इथे हृदयात मर्मर (झडपेचा जादा आवाज) नव्हती, रक्ताचे कल्चर स्वच्छ होते, आणि तापाला फुफ्फुसाचे सरळ कारण होते.

एनआयएचएसएस ही स्ट्रोकची तीव्रता गुणांत मोजणारी तपासणी पीपीईतून करताना तिची फसगत होते. एन-९५ आणि शील्डमागचा आवाज दबतो, रुग्णाला ओठ दिसत नाहीत. तेव्हा "डोळे मिटा" हे मोठ्याने, हळू आणि दोनदा म्हणावे. आधीच हावभाव करून दाखवू नये; आज्ञा कळली नाही तरच दाखवावे. आधीच करून दाखवले की आकलनाऐवजी नक्कल तपासली जाते. वस्तूंची चित्रे आणि वाक्ये पुसता येणाऱ्या लॅमिनेटेड कार्डावर असावीत. चेहरा पाहण्यासाठी रुग्णाचा मास्क चार-पाच सेकंदच खाली घ्यायचा, आणि तोही समोरून नाही, बाजूला उभे राहून. आकडे तोंडी सांगायचे, बाहेरच्याने मोठ्याने परत म्हणायचे. या रुग्णाचा गुण १७ आला : उजवा हात पूर्ण लुळा, पाय किंचित उचलणारा, वाचा गेलेली, नजर डावीकडे. ही लक्षणे डाव्या मध्य मेंदू-धमनीची. गोंधळलेला कोविड रुग्ण कधी कधी नुसता ऑक्सिजन कमी पडल्यामुळे किंवा कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळेही गुंगतो, पण त्याचे एकच अंग जात नाही.

रक्तदाब १९६/१०४. औषधाआधी तो १८५/११० च्या खाली हवा. दम्याचा इतिहास नव्हता, म्हणून लॅबेटॅलॉल १० मिग्रॅ दोन मिनिटांत शिरेतून दिले. सीटीच्या टेबलावर पोचेपर्यंत १७८/९८ झाला.

आणि इथे सहा मिनिटे गेली. रुग्णाच्या हाताच्या पाठीवर २२ गेजची बारीक कॅन्युला होती. आठवडाभर अँटिबायोटिकला ती पुरली. अँजिओग्राफीचा रंग पंपाच्या वेगाने सोडायला ती पुरत नाही. कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० गेजची लागते. दोन थरांचे हातमोजे घालून, शील्डवर वाफ धरलेली असताना शीर शोधणे किती अवघड हे ज्याने केले त्यालाच कळेल. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यात २० गेज गेली.

दरम्यान बाहेरच्या डॉक्टरांनी पत्नीला फोन लावला. त्याही घरात विलग होत्या. "तुमच्या यजमानांना मेंदूचा झटका आला आहे. मेंदूची रक्तवाहिनी बंद आहे असे दिसते. गुठळी विरघळवायचे औषध आणि कदाचित रक्तवाहिनीतून तार घालून ती काढायची प्रक्रिया, दोन्ही आत्ताच करावी लागेल. औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे, पण न दिल्यास अपंगत्वाचा धोका जास्त आहे." फोनवरची संमती दोन कर्मचाऱ्यांनी ऐकून वेळेसह लिहिली. फोन लागला नसता तर थांबलो नसतो. बोलू न शकणाऱ्या रुग्णाला तातडीचा, मान्य उपचार नातेवाईक सापडेपर्यंत रोखून ठेवता येत नाही.

सीटी आणि १८ मिलिग्रॅम

७:०९ ला वॉर्ड सोडला, ७:१६ ला टेबलावर. स्कॅनरवर पातळ प्लास्टिकचे आवरण आधीच घातलेले. तंत्रज्ञ नियंत्रण कक्षातच राहिले. रुग्णाला सरकवायला आत आलेले दोघेच. साध्या सीटीत रक्तस्राव नाही, ॲस्पेक्ट्स गुण (मेंदूची इजा मोजणारा; १० म्हणजे इजा दिसत नाही) ८. ७:२० ला निर्णय, ७:२४ ला औषध. अँजिओग्राफी त्यानंतर. औषधासाठी अँजिओच्या निकालाची वाट पाहिली नाही.

औषध टेनेक्टेप्लेज निवडले, आणि या परिस्थितीत ही निवड आम्हाला ठामपणे योग्य वाटते. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिग्रॅ (कमाल ९० मिग्रॅ) द्यायचे असते. या रुग्णाला ६४.८ मिग्रॅ लागले असते : ६.५ मिग्रॅ एका मिनिटात आणि बाकीचे ५८.३ मिग्रॅ तासाभरात पंपाने. म्हणजे तासभर पंप, त्याची नळी, आणि हलवताना ती उपसू नये म्हणून सोबत चालणारा माणूस. टेनेक्टेप्लेज किलोला ०.२५ मिग्रॅ (कमाल २५ मिग्रॅ), पाच सेकंदांत एकच झटका. साडेचार तासांच्या खिडकीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडत नाही हे कॅनडातल्या 'ॲक्ट' चाचणीने २०२२ मध्ये दाखवले. आत राहण्याचा वेळ कमी, पंप नाही, थेट कॅथ लॅबकडे.

पण त्याच्यात एक जीवघेणा सापळा आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठीही हेच औषध वापरतात, आणि तिथली मात्रा स्ट्रोकच्या साधारण दुप्पट असते. ७२ किलोच्या माणसाला हृदयासाठी ४० मिग्रॅ, मेंदूसाठी १८ मिग्रॅ. ५० मिग्रॅच्या कुपीसोबत येणारा तक्ता हृदयाचा असेल, तर घाईत डोळे त्या तक्त्यावरच जातात. इथेही बाहेरून आवाज आला : "सत्तर ते ऐंशी, चाळीस ना?" दुसऱ्या डॉक्टरांनी तिथेच थांबवले. पद्धत अशी ठेवावी : कुपीत १० मिलि निर्जंतुक पाणी, म्हणजे मिलिला ५ मिग्रॅ, त्यातले फक्त ३.६ मिलि सिरिंजमध्ये काढायचे. सिरिंजवर "स्ट्रोक – १८ मिग्रॅ" असे लेबल. उरलेले आत न्यायचेच नाही. नळीत डेक्स्ट्रोज असेल तर औषध गोठून तिथेच साका बनतो, म्हणून आधी आणि नंतर साध्या सलाइनने नळी धुवायची. लघवीची नळी, नाकातली नळी घालायचीच असेल तर औषधाआधी. नंतर काही तास त्यांना हात लावू नये.

रॅमिप्रिलवर असलेल्या रुग्णाची जीभ आणि ओठ औषधानंतर सुजू शकतात. ही सूज बहुधा लुळ्या बाजूला आधी येते. मास्कखाली ती कोणालाच दिसत नाही, म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी मास्क उचलून जीभ पाहायची. सूज आली तर नेहमीच्या उपचारात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन १२५ मिग्रॅ, अँटिहिस्टामिन आणि गरज पडल्यास ॲड्रेनालिन येते. त्यातले नेब्युलायझरने द्यायचे ॲड्रेनालिन संसर्गजन्य रुग्णात टाळून त्वचेखालून द्यावे, आणि श्वासमार्ग लवकर सुरक्षित करावा.

अँजिओग्राफीत डाव्या मध्य मेंदू-धमनीचा पहिला भाग बंद निघाला. मानेपासून सुरू होणाऱ्या याच स्कॅनमध्ये फुफ्फुसांचे वरचे टोकही येते. ज्याचा संसर्ग अजून माहीत नाही अशा रुग्णात ते मुद्दाम पाहावे. तिथले पांढुरके ठिपके कधी कधी पहिली सूचना ठरतात.

नळी कुठे घालायची

या प्रकरणातला सर्वांत वजनदार निर्णय हा. थ्रोम्बेक्टॉमी झोपेच्या हलक्या औषधावर करता येते आणि नेहमी अनेक ठिकाणी तशीच होते. पण हा रुग्ण ६ लिटर ऑक्सिजनवर ९२ होता, श्वास मिनिटाला २८, दोनदा ओकारी आलेली, सूचना न कळणारा आणि हात-पाय झाडणारा. असा माणूस कॅथ लॅबमध्ये मध्येच बिघडतो. मग निर्जंतुक चादरीखाली, मांडीत तार असताना, अंधाऱ्या खोलीत घाईने नळी घालावी लागते. ती सर्वांसाठी सर्वांत धोक्याची वेळ. शिवाय कॅथ लॅबमध्ये हवेचा दाब बहुधा बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला असतो, जंतू आत येऊ नयेत म्हणून. तिथे खोकला उसळला की हवा बाहेरच्या मार्गिकेत ढकलली जाते.

म्हणून सीटीनंतर सरळ शेजारच्या ऋण दाबाच्या खोलीत (जिथली हवा बाहेर ढकलली जात नाही) नेऊन तिथे नळी घातली. आत भूलतज्ज्ञ, एक सहायक, एक सिस्टर. बाकी सगळे दाराबाहेर. घट्ट बसणाऱ्या मास्कने तीन मिनिटे ऑक्सिजन. बॅग दाबून श्वास द्यायचा नाही. भुलीसाठी एटोमिडेट, पाठोपाठ स्नायू सैल करणारे रोक्युरोनियम किलोला १.२ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ८५ मिग्रॅ. एवढ्या मात्रेत खोकला येत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, पहिला हात सर्वांत अनुभवी माणसाचा. नळीभोवतीचा फुगा (कफ) फुगवल्याशिवाय श्वास सुरू करायचा नाही. नळी आणि व्हेंटिलेटरच्या वाय-जोडामध्ये विषाणू अडवणारा फिल्टर, कॅपनोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) नळी फिल्टरच्या यंत्राकडच्या बाजूला. व्हेंटिलेटर बदलताना नळीला चिमटा लावून मगच जोड सोडायचा.

७:४१ ला सुरुवात, ७:५३ ला स्थिर. आणि मध्ये ती घटना घडली जी अशा रुग्णात जवळजवळ अपेक्षित असते. रक्तदाब १७८ वरून ११२ वर आला. सहा दिवसांचा ताप, कमी पाणी, भुलीचे औषध, वर व्हेंटिलेटरचा दाब. बंद धमनीपलीकडचा मेंदू शेजारच्या बारीक वाटांनी जगत असतो आणि त्या वाटा रक्तदाबावर चालतात. प्रक्रियेदरम्यान वरचा रक्तदाब १४० ते १८० मध्ये हवा. रक्तदाब वाढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनची भरलेली सिरिंज हाताशी होती. १०० मायक्रोग्रॅमचे दोन डोस दिले आणि दोन मिनिटांत १५२ आला. ही सिरिंज भूल देण्याआधी हाताशी नसती, तर आत उभ्या असलेल्या माणसाला ती मागवून, दारातून घेऊन, भरून द्यायला किमान पाच मिनिटे लागली असती.

कार्बन डायऑक्साइडही बघायला हवा. धापा टाकणारा रुग्ण यंत्रावर आला की काही जण वेग तसाच जास्त ठेवतात. त्याने कार्बन डायऑक्साइड खूप उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. उलट न्यूमोनियासाठी छोटे श्वास ठेवले तर तो चढतो. लक्ष्य ३५ ते ४५. आजारी फुफ्फुसात नळीच्या टोकाचा आकडा रक्तातल्या आकड्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून मांडीतल्या शीथमधून (तार घालण्यासाठी धमनीत ठेवलेल्या नळीतून) धमनीचे रक्त घेऊन एकदा पडताळून पाहावे.

कॅथ लॅब

शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा आधी, त्यावर गाऊन. उलटे झाले तर एप्रन दूषित होतो आणि तो धुण्यासाठी लॅब आणखी बंद राहते. दारे बंद, लागणारी सगळी कॅथेटर आधीच आत काढून ठेवलेली, बाहेर एक जण सामान पुरवायला. ८:१९ ला मांडीत सुई. पहिल्या खेचीत गुठळीचा निम्माच भाग आला आणि एक तुकडा पुढच्या फांदीत सरकला. कोविडमधल्या गुठळ्या ठिसूळ असतात, तुटून पुढे जातात आणि उघडलेली धमनी पुन्हा बंद पडते, असे २०२० पासूनच्या अनुभवांत वारंवार नोंदले गेले आहे. दुसऱ्या खेचीला मागून जोरदार ओढ लावून ८:५१ ला टिकी २ब प्रवाह मिळाला, म्हणजे त्या धमनीच्या क्षेत्रातल्या बहुतेक भागात रक्त परतले. त्यानंतर लगेच तार काढली नाही. दहा मिनिटे थांबून पुन्हा रंग सोडला. धमनी उघडी होती.

शोध लागल्यापासून औषधापर्यंत ४९ मिनिटे, मांडीतल्या सुईपर्यंत १०४. शेवटचे ठीक पाहिल्यापासून प्रवाह परत येईपर्यंत ३ तास ४१ मिनिटे.

रुग्ण गेल्यावर खोली किती वेळ रिकामी ठेवायची? "एक तास" हे उत्तर सगळीकडे चालत नाही. ते हवा तासाला किती वेळा बदलते यावर आहे. तासाला १५ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण १८ मिनिटांत जातात, ९९.९ टक्के २८ मिनिटांत. १२ वेळा असेल तर २३ आणि ३५ मिनिटे. ६ वेळा असेल तर ४६ आणि ६९. आपल्या सीटीचा आणि लॅबचा आकडा देखभाल विभागाकडून आणून दारावर चिकटवावा. नाहीतर पुढचा स्ट्रोक उगाच थांबतो, किंवा साफसफाईवाला लवकर आत जातो. हे थांबणे हवेसाठी. पृष्ठभाग पुसणे वेगळे.

पुढचे २४ तास

औषधानंतर रक्तदाब आणि मेंदूची तपासणी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, नंतर २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला. मोजा : ८, १२ आणि १६, म्हणजे ३६ तपासण्या. प्रत्येकीला पीपीई चढवणे-उतरवणे कोणत्याही वॉर्डाला झेपत नाही, आणि मग नकळत तपासण्याच गाळल्या जातात. आम्ही सुचवू तो मार्ग असा : पहिले दोन तास एक सिस्टर आतच, पुढे आळीपाळीने दोन-दोन तासांच्या पाळ्या; रक्तदाब मॉनिटरवरून बाहेरून; डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातापायांची हालचाल आतून. नळीवरच्या रुग्णाची झोप दर काही तासांनी हलकी करून डावे अंग आज्ञा पाळते का हे पाहायचे. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली, पण मुद्दाम १४० च्या खाली नाही. धमनी उघडल्यावर रक्तदाब फार खाली आणल्याने नुकसान होते हे २०२२ आणि २०२३ मधल्या चाचण्यांत दिसले.

डेक्सामेथासोनमुळे साखर २४० पर्यंत चढली. इन्सुलिनने १४० ते १८० मध्ये आणली. डेक्सामेथासोन थांबवले नाही, कारण ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णात त्याचा उपयोग सिद्ध आहे. कफ बंद सक्शनमधूनच. रात्रीचे एनॉक्सापॅरिन त्या रात्री दिले नाही, पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या लावल्या. २४ तासांच्या सीटीत रक्तस्राव नाही असे पाहून ॲस्पिरिन आणि प्रतिबंधाचे एनॉक्सापॅरिन पुन्हा सुरू.

या रुग्णाला लागू नव्हते, पण ऑक्सिजन न लागणाऱ्या सौम्य कोविडमध्ये अनेकदा गाठ पडते अशी गोष्ट म्हणजे निरमॅट्रेलव्हिर-रिटोनॅव्हिर ही विषाणूविरोधी गोळ्यांची जोडी. रिटोनॅव्हिर यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा अडवते : सिमव्हास्टॅटिन चालतच नाही, ॲटॉरव्हास्टॅटिन काही दिवस थांबवतात, रिव्हारॉक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन रक्तात साठतात, क्लोपिडोग्रेलचा परिणाम मात्र घटतो. फिनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन याच्यासोबत देतच नाहीत. क्षयाच्या रुग्णात रिफाम्पिसिन उलटी ओढ लावते आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे निष्प्रभ करते. स्ट्रोकनंतरची गोळ्यांची यादी लिहिण्याआधी संसर्गाच्या औषधांची यादी समोर ठेवावी.

चौथ्या दिवशी ऋण दाबाच्या खोलीत नळी काढली. खोकल्याच्या वेळी समोर कोणी उभे नव्हते. गिळण्याची चाचणी पीपीईत, बाजूने उभे राहून घेतली. पाणी ठसक्याविना गेले नाही म्हणून आणखी पाच दिवस नाकातली नळी. छातीवरून केलेल्या इकोत गुठळी नव्हती. अन्ननलिकेतून करायचा इको संसर्गाचा काळ संपेपर्यंत पुढे ढकलला. व्यायाम मात्र पुढे ढकलला नाही : फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवसापासून आत गेले, वाचा-उपचार नळी काढल्यापासून टॅब्लेटवर सुरू झाले, आणि रोज संध्याकाळी त्याच टॅब्लेटवर पत्नीशी बोलणे. नव्वदाव्या दिवशी तो काठीशिवाय चालत होता, उजव्या हाताने शर्टाची बटणे लावत होता. शब्द शोधायला मात्र अजून थांबावे लागत होते.

वॉर्डाच्या दाराशी टांगलेल्या स्ट्रोकच्या पिशवीत या प्रकरणानंतर पाच गोष्टी वाढल्या : १८ आणि २० गेजच्या दोन-दोन कॅन्युला, दोन मापांचे हातमोजे, फिनाइलेफ्रिन आणि लॅबेटॅलॉल, लॅमिनेटेड कार्डे, आणि वजनानुसार मेंदूसाठीच्या टेनेक्टेप्लेजचा मिलिलिटरमधला तक्ता. आयसोलेशनमध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आता पहिल्या दिवशीच कोपराजवळ एक जाड कॅन्युला लावली जाते.